बांधावरचं एक मिनिट

पुण्याजवळच्या नांदे गावात वीज गेली की हैबतरावांचे भाडेकरू गच्चीवर जमतात. परवा ऋषिकेश म्हणाला, "काका, भुताचं सांगा काहीतरी."

हैबतराव तंबाखू मळत होते. "भुताचं मला ठावं न्हाई. तुमच्या आधी खालच्या खोलीत अमोघ ऱ्हायचा, त्याचं सांगतो."

अमोघ लातूरचा. हिंजवडीतली नोकरी जाऊन सात महिने झाले होते. आधी वाईट वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं. खोलीत बसून तो कॉम्प्युटरवर गेमसाठी आवाज बनवायला शिकत होता. वाळकी शेंग मोडायची, की गेममध्ये हाड मोडायचं. एका कंपनीनं परीक्षा म्हणून काम दिलं : चिखलातली पावलं, आणि त्याच जागेची एक मिनिट शांतता. ती शांतता खाली अंथरली नाही, तर पावलं उपरी वाटतात. मंगळवारी सकाळी दहाच्या आत पाठवायचं. नाही जमलं तर खोली सोडून लातूर.

भातखाचरात जाऊ का, म्हणून त्यानं हैबतरावांना विचारलं.

"जा की. फकस्त बांधावर कोनी 'कोन हाय' म्हनलं, तर नाव सांगायचं. गप ऱ्हायलं की चोर म्हनून धरत्यात."

"आणि भूत असलं तर?"

"भुताचं काय चोरीला जायचंय, लेका?"

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४. संध्याकाळी सर पडून गेली होती. रस्त्यावरचे डंपर विरळ झाले तेव्हा रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. अमोघनं बांधावर माइक रोवला, हेडफोन चढवला. पावलं पहिल्याच फेरीत मिळाली. शांतता मिळेना. एकदा कुत्रं, एकदा विमान, दोनदा डंपर. पाचव्यांदा त्यानं बटण दाबलं आणि श्वास आवरून उभा राहिला.

वीस सेकंद झाली. रातकिडे थांबले.

"कोन हाय?"

म्हातारा आवाज. लांबून. अमोघला नाव सांगायचं आठवलं. पण मिनिट चालू होतं. तो गप्प राहिला.

ठक्. काठी. बांधावरून येत होती. ठक्. ठक्.

"कोन हाय?"

चाळीस सेकंद. भीती वाटायला हवी, एवढं त्याला कळलं. वाटली नाही. तो आकडे बघत राहिला.

ठक्.

काठी थांबली. हेडफोनात, अगदी कानाशी...

"कोन...?"

साठ. त्यानं बटण बंद केलं. "मी अमोघ. हैबतरावांकडे राहतो. खालच्या खोलीत."

कोणी नव्हतं.

खोलीवर येऊन त्यानं फाइल ऐकली. आवाज नाही, काठी नाही. स्वच्छ मिनिट. पहाटेच त्यानं ती पाठवून दिली.

"मग?" ऋषिकेशनं विचारलं.

"नोकरी लागली त्याला. पुन्यात गेला."

"म्हणजे भास."

हैबतरावांनी तंबाखूत चुना घातला.

"सकाळी मीच त्याला हाक मारून भाईर बोलावला. अंगनात त्याच्या पावलांशेजारी भोकं व्हती. गोल. वीतभर अंतरावर. लोखंडी कडं बसवलेल्या काठीची. आमचा नथूअण्णा असली काठी घेऊन रोज रातचा बांध राखायचा... त्याआधीच श्रावनात गेलावता. काठी आमी चितेवर ठेवली."

"आणि भोकं?"

"बांधापास्नं आलीवती. खालच्या खोलीच्या उंबऱ्यापत्तुर."

"आणि परत?"

"परत गेलेली..." हैबतरावांनी तंबाखू तशीच तळहातावर ठेवली. "न्हाईत."