अर्धा ब्रेक

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी मास्तरांकडे गाडी शिकायला नाव घालावं. ते अजून शिकवतात. फक्त मागच्या सीटवर कोणाला बसू देत नाहीत.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. कुत्रंसुद्धा रडलं नाही.

भर दुपार होती. पुलाचा उतार संपतो आणि गोदामाची लांब पांढरी भिंत सुरू होते, त्या ठिकाणी हे घडलं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. त्यांच्या गाडीत डावीकडे, त्यांच्या पायाशी, दुसरा ब्रेक. शिकणारा गडबडला की मास्तरांनी तो दाबायचा. मागचं बघायला त्यांचा स्वतःचा एक छोटा आरसाही होता. गाडीतला एसी बंद असे. "गार वाऱ्यात शिकणाऱ्याला डुलकी लागते," असं मास्तर सांगत. खरं म्हणजे तो बिघडला होता.

माणूस तसा देवमाणूस. हौस एकच.

कुठे अपघात दिसला की मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पुरता नाही... अर्धा.

गाडी सरपटू लागायची. मास्तर खिडकीतून मान काढून मनसोक्त बघायचे आणि शिकणाऱ्याला म्हणायचे, "बघून घ्या. हे पुस्तकात मिळायचं नाही."

त्यांचंच कशाला, सगळ्यांचंच असं असतं. अपघात दिसला की माणूस गाडी हळू करतो. मदतीसाठी नव्हे. तिथे पडलेला आपण नाही, एवढी खात्री करून घ्यायला. खात्री पटली की गिअर बदलतो.

त्या दुपारी गाडी त्यांची सून चालवत होती. मुलगा परगावी नोकरीला, म्हणून सुनेला शिकवायचं मास्तरांनीच मनावर घेतलं होतं. दोघांचं छान जमायचं.

"बाबा, तुम्ही ओरडलात की माझा क्लच सुटतो."

"तुझा क्लच सुटतो म्हणून तर मी ओरडतो!"

उतार संपला... आणि पुढच्या गाड्या हळू झाल्या.

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. अर्धा.

भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. शेजारी आडवी पडलेली स्कूटर. रक्त नाही, आरडाओरडा नाही. मांडीवर हेल्मेट. त्याची काच तो वर करत होता, खाली पाडत होता.

टक्... टक्...

गाडी अगदी समोर आली तेव्हा त्याने मास्तरांकडे बघितलं आणि हात वर केला.

"बाबा, ते थांबा म्हणतायत."

"अगं, जा म्हणतोय. बसलाय की व्यवस्थित. पुढच्यांनी फोन केला असेल."

"पण बाबा..."

"मागे हॉर्न वाजतायत. घे पुढे!"

शिकणाऱ्याने मास्तरांचं ऐकायचं असतं. सुनेने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, तो माणूस गेल्याची. मार पोटात आत लागला होता. माणूस बराच वेळ तसाच बसून होता. शेकडो गाड्या गेल्या. सगळ्या हळू झाल्या, थांबली एकही नाही. आणि फोन कोणी केलाच नव्हता... कारण पुढच्यांनी केला असेल, असं प्रत्येकालाच वाटलं होतं.

सुनेने गाडीची किल्ली मास्तरांच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

"पाय तुमचा होता, बाबा," ती म्हणाली. "पण स्टिअरिंगवर हात माझे होते."

त्यानंतर ती गाडीत बसली नाही. मास्तरांशी बोलायची, पण पाहुण्यांशी बोलावं तसं. 'घ्या', 'ठेवलंय', 'निघते'. आणखी थोडासा पाय दाबला असता तर... एवढाच विचार उशाला घेऊन मास्तर झोपत. म्हणजे झोपत नसत.

पुढच्या आठवड्यात एक टेलरबाई शिकायला आल्या. शिवणयंत्रावर पाय बसलेला, त्यामुळे पेडलचं भय नाही. पुलाचा उतार संपला आणि गाडी आपोआप हळू झाली.

"मास्तर, ब्रेक का दाबताय?"

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही पाय सीटखाली ओढलेले होते.

ब्रेकचं पेडल खाली गेलेलं होतं... अर्धं.

भिंतीपाशी कोणी नव्हतं. नुसतं ऊन.

टक्...

"खिडकीची काच खिळखिळी झालीय वाटतं," टेलरबाई म्हणाल्या. "तेल द्या जरा."

मास्तरांनी काचेला तेल दिलं. ब्रेक मेकॅनिककडून उघडून घेतला. मेकॅनिक म्हणाला, "मास्तर, ब्रेक ठणठणीत आहे. तुम्हीच जरा डॉक्टरकडे जाऊन या."

पण त्या भिंतीपाशी पेडल रोज खाली जायचं. रोज कालच्यापेक्षा थोडं अधिक.

शेवटी एका सकाळी मास्तर सुनेपुढे उभे राहिले.

"एकदाच चल. तूच चालव. मला तिथे थांबायचंय... एकट्याने होत नाही गं."

सुनेने त्यांच्याकडे बघितलं. किल्ली उचलली.

दोघं निघाले. उतार संपला. मास्तरांनी पाय उचलून सीटवर घेतले, लहान मुलासारखे.

पेडल खाली गेलं. अर्धं... आणखी... पुरतं.

गाडी थांबली.

मास्तर उतरले. भिंत, ऊन, धूळ. कोणी नाही. तरी त्यांनी मागचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. "चला," ते म्हणाले. "चुकलं माझं. चला."

शेजारून गाड्या जात होत्या. एकेक हळू व्हायची. आतली माणसं माना काढून बघायची. मास्तरांकडे नव्हे... मास्तरांच्या शेजारी, जरा खाली, भिंतीच्या पायाशी.

मग गाडी मागच्या बाजूने दबली. कोणीतरी जड माणूस बसावा तशी.

टक्.

मास्तरांनी दार लावलं. पुढे येऊन बसले. "हॉस्पिटल," एवढंच म्हणाले. सुनेने गाडी अशी नेली की परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. क्लच एकदाही सुटला नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाशी वॉचमन वाकला. आधी मास्तरांकडे बघितलं, मग मागच्या सीटकडे. त्याचा चेहरा उतरला.

"काका," तो हळूच म्हणाला, "जरा आधी आणायला हवं होतं हो यांना."

आणि स्ट्रेचर आणायला आत पळाला.

मास्तरांनी मागे वळून बघितलं. सीट रिकामी होती. मधोमध खोलगट दबलेली.

दोघं वाट बघत राहिले. वॉचमन स्ट्रेचर घेऊन आला, आत डोकावला, डोळे चोळले. "आत्ता तर होते..." म्हणाला आणि तसाच परत गेला.

मागचं दार उघडलं नाही.

बऱ्याच वेळाने सुनेने मास्तरांच्या हातावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी.

"बाबा... ते उतरले नाहीत ना?"

मास्तरांनी 'नाही' अशी मान हलवली.

त्यानंतर पेडल कधी खाली गेलं नाही. भिंतीपाशी गाडी नीट जाते. सून घरी पुन्हा भांडू लागली आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

फक्त रस्त्यात शेजारच्या गाड्या मास्तरांच्या गाडीजवळ आल्या की हळू होतात. आतले लोक मागच्या सीटकडे टक लावून बघतात. मग खात्री पटल्यासारखे गिअर बदलून निघून जातात.

मास्तर शिकणाऱ्यांना आजही बजावतात, "आरसा बघा! दर मिनिटाला आरसा बघा!"

त्यांचा स्वतःचा आरसा मात्र त्यांनी छताकडे वळवून ठेवला आहे.

आणि गाडीत मागून... टक्... असा आवाज आला, की बघण्याची एवढी हौस असलेला तो माणूस मान ताठ करून सरळ समोर बघत राहतो.