समासात, पेन्सिलीने

संपदाची आणि नीलकंठची पहिली भेट झाली ती चोरीच्या आरोपावरून. माल एकच, चोर दोन, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

झालं असं. दोन हजार चार सालचा मार्च. वेलिंग्टनच्या युनिव्हर्सिटीत मॅनेजमेंटच्या डिप्लोम्याला नाव घालून संपदाला जेमतेम चार आठवडे झाले होते. ‘चांगला मॅनेजर निर्णय कसा घेतो’ या विषयावर तिने पहिला निबंध लिहून दिला आणि तिसऱ्या दिवशी ज्यूडिथ नावाच्या लेक्चररबाईंची ईमेल आली – येऊन भेट. खोलीबाहेरच्या बाकावर आधीच एक उंचसा, चष्मेवाला तरुण बसलेला. मांडीवर छत्री, तिच्या तीन काड्या मोडलेल्या. वेलिंग्टनच्या वाऱ्यात छत्री उघडणारा माणूस नवखाच असणार, एवढं ज्ञान चार आठवड्यांत संपदाला झालं होतं.

“तुम्ही पण... निबंधाचंच का?” त्याने विचारलं. चक्क मराठीत.

“तुम्हाला कसं कळलं मी मराठी?”

“मघाशी खालचं दार वाऱ्याने तुमच्या अंगावर आलं तेव्हा ‘अगं आई गं’ म्हणालात ना.”

संपदाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायच्या आत ज्यूडिथबाईंनी दोघांनाही एकदमच आत बोलावलं. टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले होते. एक तिचा निबंध, एक त्याचा, आणि तिसरा म्हणजे लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स. तिन्हींवर तोच परिच्छेद पिवळ्या मार्करने रंगवलेला.

“तुम्ही दोघांनी एकच परिच्छेद लिहिलाय,” ज्यूडिथ शांतपणे म्हणाली. “आणि तो तिसऱ्याच माणसाचा आहे.”

दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. आता तुम्हीच सांगा, पुण्याच्या कॉलेजात हेच करून संपदाने फर्स्ट क्लास मिळवला होता. पुस्तकातलं वाक्य काना-मात्रा न चुकता उतरवलं की सर खूश व्हायचे. आणि इथे त्याच गोष्टीला चोरी म्हणत होते.

“चारशे पानांचं पुस्तक,” ज्यूडिथने खरंच कुतूहलाने विचारलं, “त्यात दोघांनाही हाच परिच्छेद का घ्यावासा वाटला?”

नीलकंठ पुटपुटला, “त्याच्यासमोर आय. एम. पी. लिहिलं होतं.”

“समासात. पेन्सिलीने,” संपदा म्हणाली. “दोन चांदण्या काढून.”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा एकमेकांकडे नीट पाहिलं. कधीकाळी आपल्याकडचाच कोणी बांधव या लायब्ररीत बसला होता आणि सवयीने ‘इम्पॉर्टंट’ची खूण करून गेला होता. खूण दिसली की उतरवायचं, हे या दोघांनाही कोणी शिकवावं लागलं नव्हतं. नीलकंठने खालचा ओठ दाताखाली धरला. संपदाने खोकल्याचं सोंग केलं. ज्यूडिथला यातली गंमत काही कळली नाही, पण बाई भली होती. महिनाभराची मुदत दिली, निबंध कसा लिहावा ते शिकवणाऱ्या वर्गाला दोघांची नावं घातली.

“पुस्तक काय म्हणतं ते मी वाचलंय,” निघताना ती म्हणाली. “तुम्ही काय म्हणता ते मला वाचायचंय.”

“मी काय म्हणणार?” जिना उतरताना नीलकंठ खरोखरच हताश झाला होता. “मी तर आत्ताच आलोय.”

त्याला चिंता निबंधाची होती, पण संपदाच्या मात्र ज्यूडिथचं ते वाक्य जिव्हारी लागलं. ‘तू काय म्हणतेस’ हे एकोणतीस वर्षांत तिला कोणी विचारलं होतं? कॉमर्सला जायचं, बाबा म्हणाले. नाशिकचं स्थळ चांगलं, मामा म्हणाला. लग्न झालं, तर नवऱ्याचं प्रत्येक वाक्य ‘आई म्हणते’ने सुरू व्हायचं. आई म्हणते नोकरी सोड. आई म्हणते माहेरी एवढे फोन नकोत. आठ महिन्यांनी तिने घर सोडलं आणि वर्षभराने घटस्फोटाचा कागद हातात पडला, तेव्हा तिच्या भावाने, श्यामदादाने, तिला आपल्याकडे ‘लोअर हट’ या वेलिंग्टनच्या उपनगरात आणलं. दादा मायेचा, वहिनीही वाईट नव्हती. पण घरी पाहुणे आले की वहिनी ओळख करून द्यायची, “ह्या आमच्या वन्सं, शिकायला आल्यात.” आणि नाशिकबद्दल चकार शब्द काढायची नाही.

तर त्या निबंधाच्या वर्गातल्या मास्तरीणबाईंनी एकच गोष्ट घोटून घेतली. प्रत्येक वाक्याला विचारा, हे कोण म्हणतंय? दुसऱ्याचं असेल तर त्याचं नाव आणि साल लिहा. कोणाचंच नसेल तर ते तुमचं आहे, मग कारण द्या आणि त्याच्या मागे उभे राहा.

दोघांची आगगाडी एकच; नीलकंठ अप्पर हट स्टेशनात चढायचा, संपदा वॉटर्लूला. तो तिच्यासाठी समुद्राच्या बाजूची खिडकी धरून ठेवायचा. गार्ड येऊन टेन-ट्रिप तिकिटाला चिमट्याने भोक पाडून गेला, की वेलिंग्टनपर्यंतची वीस मिनिटं त्यांची. एकाने आपला परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने प्रत्येक वाक्याला अडवायचं.

“‘कर्मचाऱ्यांना विश्वासात घेतल्यास निर्णय टिकतो.’”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

“कारण?”

“कारण... कारण मला कोणी विश्वासात घेत नाही आणि माझा एकही निर्णय टिकत नाही.”

“हे लिहिणार आहेस?”

“वेडी आहेस का,” तो म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

हळूहळू तो खेळ निबंधाबाहेर सांडायला लागला. इथे आल्यापासून सगळे त्याला ‘नील’ म्हणायचे, ज्यूडिथसुद्धा. संपदा एकटी पूर्ण नाव घ्यायची.

“तू ‘नीलकंठ’ म्हणालीस की बरं वाटतं,” तो एकदा म्हणाला.

“कोण म्हणतं?” खिडकीबाहेर बघत तिने विचारलं.

“मी म्हणतो.”

“आधार?”

“आधार काही नाही. सकाळी सात-बावन्नची गाडी पकडतो, माझं लेक्चर अकराला असतं.”

पिटोनी स्टेशन गेलं आणि समुद्र एकदम खिडकीला येऊन भिडला. संपदा उगाचच वहीची पानं चाळत बसली. कान मात्र तापून लाल झालेले, आणि ते त्याला दिसत होतं हे तिलाही ठाऊक होतं.

निबंध पुन्हा लिहून दिला. दोघं पास झाले. मे उजाडला, इकडे तो थंडीचा महिना, दक्षिणेचा बोचरा वारा सुटला, आणि एका सकाळी तिने ठरवलं की आता सांगायचं. नाशिक, ते आठ महिने, कोर्ट, सगळं. बोलताना हातातल्या तिकिटाच्या तिने बारीक बारीक घड्या घातल्या. तिचं संपल्यावर तो म्हणाला, “मग? त्याने काय फरक पडतो?”

“कोण... म्हणतं?” तिने विचारलं.

“मी म्हणतो, संपदा.”

आणि त्याने तिच्या हातातलं ते चुरगळलेलं तिकीट घेतलं, मांडीवर ठेवून तळव्याने सरळ केलं, आणि परत दिलं. बस, एवढंच. पण त्या दिवशी केबल कारने युनिव्हर्सिटीची टेकडी चढताना संपदाला आपण पोरसवदा झाल्यासारखं वाटलं. तिला राजवाडा नको होता हो. एका माणसाने तिच्याबद्दल स्वतःचं एक वाक्य म्हणावं आणि त्याच्या मागे उभं राहावं, एवढंच हवं होतं. ते मिळालंय असं ती धरून चालली, आणि इथेच बाई फसली.

त्याचे आईवडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी त्याच्या भावाकडे, शिरीषकडे, आले होते. नीलकंठही तिथेच राहायचा. एका रविवारी त्याने तिला अप्पर हटला जेवायला नेलं. त्याची आई, सुलेखाताई, अगदी गोड बोलल्या. आपल्या हाताने अळूची भाजी वाढली, मटारच्या करंज्यांचा आग्रह केला. मग आलंच ते. घरी कोण कोण, एवढी वर्षं लग्नाचं कसं नाही पाहिलं?

नीलकंठ पाणी पीत होता. तो पाणीच पीत राहिला.

“झालं होतं,” संपदा म्हणाली. “मोडलं.”

“अगं बाई,” सुलेखाताई म्हणाल्या, आणि जरा थांबून, “भात घे ना अजून.” निघताना तिच्या हातात चिवड्याचा डबा दिला. ‘डबा परत आण हं’ असं म्हणाल्या नाहीत. आइस्क्रीमचा रिकामा डबा होता, टाकून दिला तरी चालण्यासारखा. संपदाला ते तिथेच उमजलं.

सोमवारी सात-बावन्नच्या गाडीत तो नव्हता. मंगळवारीही नाही. नऊ दिवस संपदा समुद्राच्या बाजूला एकटी बसली. मनाला समजावत राहिली की शेवटच्या निबंधाची गडबड असेल. तिचाही निबंध अर्धवट होता, विषय फिरून निर्णयांचाच. एकही वाक्य पुढे सरकेना.

दहाव्या दिवशी तो आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. शेजारी बसला. गार्ड भोकं पाडून गेला.

“आई म्हणते,” शेवटी त्याने सुरुवात केली, “मुलगी चांगली आहे, पण... तुझं तर हे पहिलंच लग्न. बाबा म्हणतात, पुण्यात काय सांगायचं? शिरीषदादा म्हणतो, आत्ता विषयच नको, आईचं बीपी...”

संपदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नावं सगळी बरोबर होती. कोण म्हणतंय ते प्रत्येक वाक्याला चोख सांगत होता. चांगला शिकला होता तो.

“आणि तू?” तिने विचारलं. “तू काय म्हणतोस, नीलकंठ?”

त्याने चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला. पिटोनी आलं, गेलं. समुद्र आला. पाणी करडं होतं आणि वाऱ्याने पार विस्कटलेलं.

“त्यांचंही चूक नाही ना अगदी...” तो म्हणाला.

“ते मी विचारलं नाही.”

“थोडा वेळ जाऊ दे. आई म्हणते—”

“पुरे,” संपदा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण समोरच्या बाईने पेपर खाली केला. “हे मी आठ महिने ऐकलंय. तुझ्याकडून नको.”

वेलिंग्टन दोन मिनिटांवर आलं होतं. संपदाच्या लक्षात आलं, आपणसुद्धा इतके दिवस त्याच्या वाक्याचीच वाट पाहत बसलो. स्वतःचं असं लिहिलंय काय आपण? गाडी फलाटाला लागता लागता ती उठली.

“मग माझं ऐक,” ती म्हणाली. “मला तू आवडतोस. सकाळी खिडकी धरून बसायचास तेव्हापासून. आणि ज्या घरात मला लपवावं लागेल, त्या घरात मी येणार नाही, तू बोलावलंस तरी. याला कोणाचा आधार नाही. हे मी म्हणते.”

“संपदा, असं नको ना गं...” त्याचे डोळे भरले होते. हात पुढे आला, सीटच्या दांडीपर्यंत, आणि तिथेच राहिला.

ती उतरली. फलाटाच्या टोकाशी जाऊन एकदाच मागे वळली. सगळी गाडी रिकामी झाली होती आणि तो तसाच खिडकीशी बसून होता. गार्ड वाकून त्याला काहीतरी सांगत होता, बहुधा हेच की गाडी इथून पुढे जात नाही.

त्या आठवड्यात तिने निबंध पूर्ण केला. रडत रडत केला, खोटं कशाला बोला, पण केला.

जूनच्या शेवटी तपासलेले निबंध ऑफिसबाहेरच्या टेबलावर गठ्ठ्याने ठेवले होते, ज्याने त्याने आपला उचलायचा. संपदाला बी प्लस होता. ज्यूडिथने लिहिलं होतं, ‘अजून काटेकोर हवं, पण हे तुझं आहे.’ तिच्या निबंधाखाली त्याचा होता. बघायचं नाही असं ठरवून तिने तो पाहिला. ए मायनस. त्यात ‘विश्वासात घेतल्यास निर्णय टिकतो’वाला तोच परिच्छेद, तिने गाडीत तीनदा अडवून त्याच्याकडून लिहून घेतलेला. शेजारी ज्यूडिथचं लाल अक्षर – ‘शाब्बास नील. तुझं मत किती ठाम आहे. निर्णय घेणं म्हणजे काय, ते तुला नेमकं कळलंय.’

संपदा हसली. ते हसू कडू होतं. मग तिने पर्समधून पेन्सिल काढली. लाल अक्षरांच्या शेजारी समासात थोडी जागा होती. तिथे तिने देवनागरीत, ज्यूडिथला कधीच कळणार नाहीत असे दोन शब्द लिहिले – ‘कोण म्हणतं?’ – आणि पुढे दोन चांदण्या काढल्या.

निबंध परत जागच्या जागी ठेवला, गठ्ठा सरळ केला, आणि ती साडेचारच्या गाडीला निघाली.