फोनमधली हाक

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला रत्नपाल गावी आला तो हातात साडीची पिशवी घेऊन. शिरड शहापूरच्या फाट्यावर एसटीतून उतरला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आधी आपल्या घरी जायचं सोडून तो सरळ चांगुणाकाकूच्या घराकडे वळला. साडी तिच्यासाठीच होती. हातात द्यायची, घोटभर चहा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं, एवढंच काम. पण 'मोकळं व्हायचं' असं मनात आलं आणि उगाचच ती पिशवी त्याला जड वाटू लागली.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. रत्नपाल पुण्यात एका छोट्या कंपनीत इंजिनिअर होता. कंपनीनं शेतकऱ्यांसाठी फोनसेवा काढली होती. मोबाइलवरून एक नंबर लावला की हिंगोलीचा, वसमतचा हळदीचा भाव ऐकू यायचा. मिनिटावर पैसे कटायचे. अडचण अशी, की स्टुडिओतल्या बाईच्या गुळगुळीत आवाजात भाव कळला रे कळला की लोक फोन ठेवून द्यायचे. माणूस फोनवर रेंगाळला पाहिजे, असा मालकाचा, रवींद्र सरांचा, धोशा होता. तो कसा रेंगाळेल हे रत्नपाललाच सुचलं. आवाज घरचा हवा. आपल्या माणसाचा.

दिवाळीनंतर तो रेकॉर्डर घेऊन चांगुणाकाकूकडे आला होता. रेडिओसाठी आवाज हवाय, असं त्यानं तिला सांगितलं. सांगताना जीभ जरा अडखळली, पण फोन, कंपनी, मिनिटाचे पैसे हे सगळं तिला कुठं समजावत बसायचं? कागदावर अंगठा घेतला. कागद वाचून दाखवला नाही.

काकूनं आकडे म्हटले, गावांची नावं म्हटली. सगळं कोरडं, शाळेतल्या पोरासारखं. मग रत्नपाल म्हणाला, "काकू, सोनाजी दारात आलाय असं समजा. आन् बोला."

सोनाजी म्हणजे काकूचा एकुलता एक मुलगा, रत्नपालचा लहानपणापासूनचा दोस्त. उसाच्या ट्रकवर मजुरीला जायचा. कारखान्याच्या वाटेवर ट्रक उलटला आणि तो उसाखाली दबून गेला, त्या गोष्टीला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

काकू बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आलास का रं लेकरा? ये, बस. हात-पाय धुऊन घे."

रत्नपालच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी त्याची नजर रेकॉर्डरवरच होती. आवाज नीट पकडला गेलाय का, ते तो बघत होता.

तेच वाक्य फोनच्या सुरुवातीला लागलं आणि लोक खरंच रेंगाळू लागले. भाव ऐकून झाला तरी फोन ठेवीनात. काही जण नुसतं ते पहिलं वाक्य ऐकायला पुन्हा पुन्हा नंबर लावायचे. रवींद्र सरांनी त्याची पाठ थोपटली, पगार वाढवला.

आता तो काकूच्या अंगणात पोचला. दाराशेजारी पाय धुवायचा दगड होता. गल्लीत सगळीकडे धूळ उडत होती आणि तो दगड मात्र ओलाचिंब होता. वर जर्मनचा तांब्या पालथा पडलेला. उन्हात उसाच्या मळीसारखा आंबूस वास सुटला होता.

"काकू," त्यानं दारातून हाक मारली.

आत अंधारात चांगुणाकाकू भिंतीला टेकून बसली होती. गालफडं बसलेली. तिनं साडीकडे पाहिलंही नाही.

"दारात उभा राहू नको बाबा," ती हळूच म्हणाली. "त्याला वाट दे."

रत्नपाल चटकन आत सरकला. "कोणाला?"

"शेजारच्या नर्मदाच्या पोरानं फोनवर मला माझाच आवाज आयकवला. रेडिओ म्हणला होतास तू." तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली. "हाक लागली की तो येतो. दगडावर पाय धुतो. उंबऱ्यापस्तोर येतो… तवर दुसरीकडून हाक लागती. पुन्हा मागं फिरतो, पुन्हा पाय धुतो. बसणं न्हाई, जेवणं न्हाई. दमलं रे माझं लेकरू."

म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं रत्नपालनं स्वतःला सांगितलं. तिची खात्री पटवायची म्हणून त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि नंबर लावला.

"आलास का रं लेकरा? ये, बस. हात-पाय धुऊन घे," फोन म्हणाला.

बाहेर तांब्या वाजला.

पाणी दगडावर पडल्याचा आवाज झाला. आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर. पाय पायावर घासल्याचा आवाज. सोनाजी असेच पाय धुवायचा, घाईघाईनं, पायानंच पाय घासत. ओली पावलं दाराकडे आली. मळीचा वास घरात शिरला. उंबऱ्यात फक्त ऊन पडलं होतं. पण त्या उन्हात कोणीतरी दम खात उभं होतं.

काकू गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. "बस रे राजा, आता तरी…"

पावलं मागे फिरली. पुन्हा तांब्या वाजला, पुन्हा पाणी पडलं.

रत्नपालनं फोन केव्हाच बंद केला होता. बाजाराचा दिवस होता. जिल्ह्यात कुठंतरी, कोणीतरी हळदीचा भाव विचारत होतं.

तो जयंतीला थांबलाच नाही. निघताना आपला जुना मोबाइल काकूच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मी करतो बंद." ती काही बोलू बघत होती, पण तो तोवर अंगणात उतरला होता.

पुण्याला पोचल्यावर त्यानं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते वाक्य काढून टाकलं. मशीनवरून काढलं, जपून ठेवलेल्या सीड्या मोडल्या, रेकॉर्डरमधलं मूळही पुसलं. स्टुडिओतल्या बाईचा आवाज पुन्हा लावला. नोकरी जाणार हे दिसत होतं, तरी कितीतरी महिन्यांनी त्याची छाती हलकी झाली. आपण चूक निस्तरली, असं त्याला वाटलं. काकूला काय हवंय ते विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. पहिल्या वेळीही आलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं तिला फोन लावला.

"काकू, झालं. आता कोणी हाक मारणार न्हाई त्याला."



"तू काढलंस व्हय ते?"

"व्हय. समदं पुसलं. कुठंच ठेवलं न्हाई."

"दुपारपासनं तो अंगणात हुभा हाय," काकू म्हणाली. "आत येईना, माघारी जाईना. मी हाक मारली रे. त्याच शब्दांत मारली, लई बारी मारली…" तिचा आवाज बसला होता, घोगरा झाला होता. "त्याला माझी हाक कळंना. फोनातलीच कळती त्याला आता."



"काहून पुसलंस बाबा? मी बंद कर म्हणले न्हवते. येकडाव त्याला बसू दे, येवढंच म्हणणार व्हते. लाव ना पुन्हा ते. येकदाच लाव."

लावायला काही उरलंच नव्हतं. फोनमध्ये काकूचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्या मागे दुसरा एक, दमलेला.

मग तिकडे दाराची कडी हलकेच वाजली. आजवर त्याची नुसती पावलं ऐकू यायची. आता तो बोलला. आवाज सोनाजीचाच होता. पण परक्या गावात, परक्या दारी आलेला वाटसरू विचारतो, तसं त्यानं विचारलं,

"घरात कुणी हाय का…?"