सुखदेवने बुजवलेल्या फटी

आपण बुद्धाची माणसं, धम्मदीप, भूतबीत मानत नाही. मीही मानत नाही. तरी हे आपल्या सुखदेवच्या घरी घडलं, आणि सुखदेव थापा मारणाऱ्यातला नव्हे.

दोन हजार एकवीसची आषाढी पौर्णिमा. सिडनीत लॉकडाऊन आणि कडाक्याची थंडी. हॅरिस पार्क भागातलं त्याचं जुनं लाकडी घर म्हणजे नुसती चाळण, हीटर कितीही लावा, ऊब टिकायची नाही. त्या दुपारी तो हार्डवेअरच्या दुकानातून दाराला लावायच्या फोमच्या पट्ट्या आणि खिडकीवर ताणायची प्लास्टिकची फिल्म घेऊन आला. सुलोचनाबाईंना, त्याच्या आईला, नागपूरहून आणायचं होतं. "आधी घर उबदार करतो, मग ये," असं म्हणाला होता. तेवढ्यात बॉर्डर बंद झाल्या. मे महिन्यात ती तिकडेच, ऑक्सिजनवाचून गेली. अंत्यसंस्कार याने फोनवर पाहिले.

"मग आता फटी कशाला बुजवतोस रे?" मी दोन गल्ल्या पलीकडच्या माझ्या घरून फोनवर विचारलं.

"शब्द दिलाय, काका."

फोन ठेवून मी रडलो.

अंधार पडेपर्यंत आईसाठी ठेवलेली खोली त्याने पार बंद केली. वारा कुठून येतो ते बघायला तिच्या फोटोपुढची अगरबत्ती उचलली. धूर वळेल, तिकडे फट. दारापाशी धूर सरळ. खिडकीपाशी सरळ. पलंगापाशी आला…

धूर उशीकडे ओढला गेला. मग परत आला. पुन्हा ओढला गेला. पुन्हा परत. भराभर. धाप लागल्यासारखा…

काय म्हणतेस दीक्षा, कार्बन मोनॉक्साइड? हीटर विजेचा होता गं.

सुखदेवला शेवटचा व्हिडिओ कॉल आठवला. आई एवढंच म्हणत होती, "खिडकी उघड रे बाबा…"

आणि त्याने सगळं बंद केलं होतं.

खिडकीची झडप जुन्या रंगाने चिकटलेली, ती उघडणारच नव्हती. अगरबत्ती उशाशीच ठेवून तो दाराकडे धावला. पट्ट्या ओरबाडल्या. दार सताड उघडलं. वारा आत घुसला. पडदा फडफडला.

"आई… घे… श्वास घे…"

उशीवरचा धूर हलला नाही. एवढ्या वाऱ्यात… सरळ उभा.

…

सकाळी मी डबा घेऊन गेलो, लॉकडाऊनच्या नियमाप्रमाणे अंगणातच थांबलो. सुखदेव पायरीवर बसला होता, अंगात स्वेटरही नाही. नुसतं आईच्या खोलीच्या खिडकीकडे बोट केलं.

फिल्म चारी बाजूंनी घट्ट चिकटलेली होती. काच आणि फिल्म यांच्या मधल्या बंद जागेत, ओठांच्या उंचीवर, वाफेचा एक गोल होता.

दुपारचं ऊन पडलं, तरी तो गोल गेला नाही.