रिकामा पाळणा

"दात येताहेत त्याला! वासंती, किती वेळा सांगू?" काकू वैतागली.

सुटीत काकूकडे लोणावळ्याला आल्यापासून 'बाळाला बरं नाही' असं वासंती रोज सांगत होती आणि रोज हेच ऐकत होती. बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळायचा, दूध ओकायचा, आणि पाळण्याचा पांढरा कठडा मात्र चोखत बसायचा! काकांनी हौसेने रंगवलेला कठडा.

तेवढ्यात शेजारच्या वलवण गावची मैत्रीण नंदा धापा टाकत आली.

"आक्का, आमचं वासरू बग की! दात खातंय, भितीवर आदळतंय! आन् सारखं गोठ्याचं फाटक चाटतंय."

"फाटक? त्याला रंग कुठला दिलाय?" वासंतीच्या भावाने, चिंतूने, विचारलं.

"पांढरा. तुमच्या काकांनीच उरल्याला डबा माज्या आबांना दिला न्हवं का!"

तोच रंग! "रंगच बाधतोय!" म्हणत तिघं काकांकडे धावली.

"विलायती सफेदा आहे तो, उंची पांढरा रंग!" काका गरजले. "अक्कल शाळेत पाजळा!"

वासंतीला रडूच फुटायचं बाकी होतं. "मोठ्यांच्या कानात बोळे असतात का रे?"

"लय मोटे!" नंदा म्हणाली.

काकू बाळाला न्हाऊ घालायला गेली. वासंतीने मनात हात जोडले, 'देवा, क्षमा कर', आणि रिकामा पाळणा जोरजोरात हलवायला सुरुवात केली!

"अगं, अगं! रिकामा पाळणा हलवतेस? अवदसा आठवली का?" पाठीत धपाटा बसला. वासंतीने पुन्हा झोका दिला.

काकूने पाळणा तडक माळ्यावर टाकला. बाळ लुगड्याच्या झोळीत निजू लागला आणि त्याचं ओकणं हळूहळू थांबलं.

"बघा, अपशकुनीच होता तो पाळणा!" काकू म्हणाली.

चिंतूने कपाळावर हात मारला. मग फाटकाच्या रंगाचा पोपडा कागदात बांधून तिघं थेट दवाखान्यात गेली. तो बघून डॉक्टर स्वतःच घरी आले.

"यात शिसं आहे. विष! गोडसर लागतं, म्हणून वासरू चाटतं, बाळ चोखतो. गोठ्याचं फाटकही आजच उतरवा. बाळाला नवा पाळणा करा, त्याला नुसतं जवसाचं तेल लावा. बाळावर काही दिवस माझी नजर राहू दे. पोरांनी वेळेवर वाचवलं हो त्याला!"

काकांची मान खाली गेली. "शाबास, पोरांनो," ते पुटपुटले.

"पण मी रोज हेच सांगत होते ना!" वासंतीचा आवाज चिरकला.

काकूने तिला जवळ बसवलं.

"आता सांग. अगदी पहिल्यापासून. मध्ये कुणी बोलायचं नाही!"