कॉन्सेप्टाची शेवटची बाटली

बायको कॉन्सेप्टा हिला जाऊन वर्ष झालं, त्या दिवसाची चर्चमधली मिस्सा आटोपून विन्सेंट घरी आला, त्याने कोळंबीचं कालवण केलं, आणि पहिल्याच घासाला त्याला कळलं की मसाला कॉन्सेप्टाचा नाही.

बाटली तीच दिसत होती. तपकिरी काचेची, बिअरची, तोंडाला बूच, बुचावर कॉन्सेप्टाच्या जुन्या लुगड्याची लाल चौकड्यांची चिंधी. बोरिवलीच्या त्या गावठाणात दर उन्हाळ्यात घरोघरी मसाला कुटून अशाच बाटल्यांत ठासून भरतात. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं. कॉन्सेप्टाने आपलं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या हातची ही शेवटची बाटली. विन्सेंट रविवारी त्यातला एक चमचा काढायचा, जास्त नाही.

"ॲनेट, हा मम्मीचा मसाला नाही."

मुलीने ताटातून मान वर केली नाही. "जुना झालाय, पप्पा. वास उडाला असेल."

"वास उडतो, मान्य. पण दुसराच वास कसा येतो?"

ती उठली आणि हात धुवायला गेली.

समोरच्या इमारतीत उत्तरा राहायची, खासगी गुप्तहेर. लग्नाच्या मुलांची चौकशी आणि गोदामांतल्या चोऱ्यांचा तपास, यावर तिचं घर चालत होतं. तिला बोलावताना विन्सेंटला वाटलं होतं ती हसेल. ती चपला घालून लगेच आली.

तिने बाटली नाकाशी धरली. "हिंग."

"आमच्यात मसाल्यात हिंग नसतो," विन्सेंट म्हणाला.

मग तिने चिंधी उजेडात धरली. कडेला पांढुरकी रेघ होती. तिने ती कड जिभेला लावली आणि चिंधी खाली ठेवली. विन्सेंटला ते विचित्र वाटलं, पण विचारायचं राहून गेलं.

"उघडताना काही वेगळं वाटलं?"

"नाही. गाठ सोडायला जरा वेळ लागला, एवढंच. कॉन्सेप्टाची गाठ तशीच असते, दोनदा आत घेतलेली."

"मग तुम्ही परत तशीच बांधायचात?"

"मला कुठे येते? मी आपला रबर लावायचो."

उत्तरा मोरीच्या ओट्याखाली वाकली. तिथे कॉन्सेप्टाच्या रिकाम्या बाटल्या धूळ खात उभ्या होत्या. त्यांच्या मधोमध एक स्वच्छ गोल उमटलेला होता.

"ही बाटली घराबाहेर कधी गेली होती?"

"व्हिएतनामला. ॲनेटच्या कॉलेजची सहल होती, परवाच परत आली. कॉन्सेप्टाचा सगळा जन्म डोक्यावरची विमानं बघण्यात गेला, बसली एकातही नाही. पोरगी म्हणाली, मम्मीला फिरवून आणते. मी नाही कसा म्हणणार? कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवून दिली."

ॲनेटने फोन दिला, पण मनाविरुद्ध. उत्तराने फोटो क्रमाने पाहिले. हनोईच्या तळ्याकाठी बाकावर बाटली. जुन्या बाजारात फळांच्या टोपलीत बाटली. बाहुल्यांच्या खेळाला तिकीटवाल्या बाईच्या हातात बाटली, बाई हसतेय. मग हा-लाँग नावाची समुद्रातली खाडी, पाण्यातून उभे राहिलेले डोंगर, आणि दोघांनी वल्हवायची चिंचोळी प्लास्टिकची होडी. ॲनेट पुढे बसलेली, मान वळवून वर बघतेय, मांडीवर बाटली. तिच्या डोक्याचा भांगसुद्धा दिसत होता.

त्यानंतर रोपवे होता, देवळं होती, बीच होता. बाटली कुठेच नव्हती.

"मागे कोण बसलं होतं?"

"रसेल."

"आणि पुढच्या फोटोंत मम्मी का नाही?"

"कंटाळा आला," ॲनेट म्हणाली.

रसेल ॲनेटच्याच कॉलेजात, दोन गल्ल्या सोडून राहायचा. दार त्याच्या आईने, बेव्हर्लीने उघडलं. मसाल्याला हिंगाचा वास येतोय हे तिच्या कानावर गेलंच होतं; तिला वाटलं विन्सेंट चोरीचा आळ घ्यायला आलाय, आणि तिने आधीच कंबर कसली.

"वीस वर्षं मागितलं तिच्याकडे प्रमाण. दिलं नाही बयेने. पण कुटलेला मसाला चोरून मी काय करू, विन्सेंट? त्यातली मिरची परत वेगळी काढू?"

"आळ नाही घेत गं," विन्सेंट म्हणाला.

"मग हिंगाचं काय म्हणतोस? हिंग घालायला मी काय डाळ फोडणीला टाकतेय?"

उत्तराने रसेलला विचारलं, "बाटली शेवटची कुठे पाहिलीस?"

"होडीत." तो विन्सेंटकडे बघत नव्हता. "होडी उलटली-बिलटली नाही हां, आंटी."

"उलटेल कशी?" बेव्हर्ली म्हणाली. "आजोबांच्या होडीत उभं राहून वल्हं मारतो तो, गोराईच्या खाडीत. लहान होता तेव्हापासून. शिटी वाजवत."

"मम्मी, पुरे ना," रसेल म्हणाला.

बाहेर आल्यावर विन्सेंटने विचारलं, "बेव्हर्लीनेच केलं असेल?"

"बेव्हर्लीने बदलला असता, तर तुम्हाला बेव्हर्लीचा मसाला लागला असता. तिचा ओळखता ना?"

"डोळे मिटून."

सहलीला या दोघांबरोबर गेलेला तिसरा म्हणजे मिहिर. चारकोपला राहायचा. त्याची आई वनमाला मूळची मालवणची. तिने पाहुण्यांना बसवलं आणि बोलता बोलता माशांच्या आमटीची तयारी केली. बरणी उघडली, वर ठेवलेला पिवळट खडा बोटाने बाजूला सारला, मसाला घेतला, खडा परत जागेवर ठेवला. विन्सेंट बघत होता. त्याच्या मनात एवढंच आलं, की बाईचा हात कॉन्सेप्टासारखाच भराभर चालतो.

"मी होडीत बसलोच नाही, काका," मिहिर म्हणाला. "पोहता येत नाही. काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत होतो. ही लोकं परत आली, तेव्हा..."

"तेव्हा?"

"जेवायला गेलो."

"परत आल्याबरोबर बरणीतला मसाला बराच कमी झाला हो," वनमाला उत्तराला म्हणाली. "हा म्हणतो, मित्राला दिला."

पुढच्या रविवारी उत्तराने तिन्ही मुलांना विन्सेंटच्या घरी बोलावलं. बेव्हर्ली न बोलावता आली.

"चोरी झालेली नाही," उत्तरा म्हणाली. "हा फोटो बघा. होडीत माणसं दोनच. ॲनेट पुढे बसलीय आणि वर बघतेय. तिच्या डोक्याचा भांग दिसतोय. म्हणजे फोटो काढणारा उभा आहे. रसेलला होडीत उभं राहायची सवय. पण आजोबांची होडी रुंद, लाकडी. या चिंचोळ्या होडीत कुणी उभं राहिलं, की ती उलटलीच. फोन प्लास्टिकच्या पिशवीत होता म्हणून वाचला असेल. मी न विचारताच त्याने सांगितलं, उलटली नाही म्हणून."

रसेलने मान खाली घातली.

"चिंधीच्या कडेला पांढरी रेघ आहे, आणि ती खारट लागते. म्हणजे चिंधी समुद्रात भिजली, पण हातात राहिली. बाटली फुटली, आणि तोंडाचा तुकडा ॲनेटच्या मुठीत राहिला. बरोबर?"

"खडकावर आपटली," ॲनेट म्हणाली. "पाणी नुसतं लाल झालं. मग तेही गेलं."

"नवी बाटली मोरीच्या ओट्याखालून घेतली, धुळीत तिची जागा रिकामी आहे. मसाला मिहिरने घरून आणला. वनमालाताई बरणीत हिंगाचा खडा ठेवतात, कीड लागू नये म्हणून. तो वास मसाल्याबरोबर आला."

"म्हणजे हिने घरातच बाटली बदलली," विन्सेंट म्हणाला. "तुला कधी कळलं, उत्तरा?"

"पहिल्याच दिवशी. बाटली रबर लावून गेली आणि गाठ बांधून परत आली. ती गाठ कॉन्सेप्टाची. तुम्हाला येत नाही. मग या घरात ती कुणाला येते?"

विन्सेंट मुलीकडे बघत राहिला. ती गाठ त्याने स्वतः सोडली होती, आणि त्याला काहीच सुचलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाला होतास, ही बाटली संपली की मम्मी संपली." ॲनेट म्हणाली. "मी संपवली, असं कसं सांगू?"

मग उत्तराने विचारलं, "गाठ कधी शिकलीस?"

"भरताना. मी बाटल्या धरायची, मम्मी ठासायची. एकेका वस्तूचं नाव घ्यायची, तिला वाटायचं मी ऐकत नाहीये."

"नावं आठवतात?"

ॲनेट बोटांवर मोजत म्हणू लागली. मिरच्या दोन जातींच्या, धणे, तीळ, खसखस, मोहरी, नागकेशर. बेव्हर्ली सरसावून बसली.

"ऐकू नकोस गं तू," विन्सेंट म्हणाला.

"कान काय घरी ठेवून येऊ?" बेव्हर्ली म्हणाली. "आणि भाजायचं कोणी शिकवलं हिला?"

ते कुणी शिकवलं नव्हतं. भाजताना कॉन्सेप्टा दार लावून घ्यायची.

तरी विन्सेंटने मिरच्या आणल्या. देठं काढून ॲनेटने त्या गच्चीवर वाळवल्या. धणे निवडून झाले, बाटल्या धुऊन उपड्या ठेवल्या. मोहरी किती भाजायची हे अजून कुणालाच ठाऊक नाही. मसाला कुटायचा राहिला आहे.