झाकण लावून काढलेला फोटो

हा कॅमेरा विकायचा नाहीये. काउंटरवर ठेवलाय म्हणून रोज कोणीतरी विचारतं, तसं तुम्हीही विचारलंत. बसा म्हटलं असतं, पण स्टुडिओत स्टूल एकच आहे आणि त्यावर मी आता कोणाला बसू देत नाही. राग मानू नका. लाइट आल्याशिवाय तुमचा पासपोर्ट फोटो निघायचा नाही, तोवर ऐका.

खाली दुकान, वर घर. इंदिरानगरात निम्म्या लोकांचं असंच आहे. घरात मी, उज्वला आणि आमची दिशा. उज्वलासमोर मात्र हे शेवटचं नाव काढू नका, ती मलाच वेड्यात काढते.

सिन्नरला एका हळदीत डीजेच्या लेझरने माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जाळला. सेन्सर म्हणजे डोळ्यातला पडदा समजा. प्रत्येक फोटोत आडवी हिरवी रेघ यायला लागली, नवरदेवाच्या गालावर हळद आणि हळदीवर रेघ. कंपनीचा माणूस म्हणाला, नवा कॅमेरा घ्या. ते सांगायचाच त्याला पगार मिळतो. शेवटी मयूर धावून आला. रिपेअरीचं काम करतो, माझा जुना दोस्त. घोटीकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कॅमेऱ्यातला सेन्सर त्याने माझ्या कॅमेऱ्यात बसवला.

"कोणाचा होता रे?" मी विचारलं.

"ते नका विचारू शेखरभाऊ. पार्ट चांगला आहे, एवढं बघा."

मलाही घाई होती. सिन्नरचं एक स्थळ दिशाला बघायला येणार होतं आणि तिच्या बायोडाटाला फोटो हवा होता. फोटोग्राफरच्या पोरीने मोबाइलवरचा फोटो द्यायचा? माझं नाकच कापलं गेलं असतं.

सेन्सर बसला, पण कॅमेरा त्याला ओळखेना. कॅमेऱ्याच्या आत एक प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर म्हणतात त्याला. सेन्सर वेगळ्या बनावटीचा, फर्मवेअर जुनं, दोघांचं जमेचना. मयूरने नवं फर्मवेअर पाठवलं आणि वर बजावलं, "टाकून झालं की मॅपिंग करा. लेन्सला झाकण लावून. पक्कं."

मॅपिंग साधी गोष्ट आहे. झाकण लावलं की आत मिट्ट काळोख. त्या काळोखात फोटो काळाच यायला हवा. तरीही एखादा ठिपका दिसलाच, तर तो मेलेला. कॅमेरा तो लक्षात ठेवतो आणि पुढे प्रत्येक फोटोत तिथे शेजारचा रंग भरून टाकतो. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही, की तिथे काही होतं.

भर दुपार होती. दिशा आवरून समोर त्या स्टुलावर येऊन बसली होती. मोरपंखी साडी, आईची. "पप्पा, लवकर काढा ना, पावडर चाललीय माझी," असं तिचं चाललेलं. मी झाकण लावलं. पक्कं लावलं. मॅपिंग चालू केलं. कॅमेऱ्यात बारीक टिकटिक झाली, नळ गळावा तशी, आणि जुन्या ओल्या कापडाचा वास आला. स्क्रीनवर अक्षरं आली, "एक मेलेला सापडला, दुरुस्त केला." मी झाकण काढलं आणि तिचा फोटो घेतला.

फोटोत रिकामं स्टूल होतं. मागे निळा पडदा, सगळ्या चुण्या जागच्या जागी. फक्त जिथे दिशा बसली होती तिथल्या चुण्या जरा जास्तच सारख्या होत्या. मी तिला डावीकडे उभं केलं, मग दारात, मग आरशापुढे. एकाही फोटोत ती नाही. अहो, मेलेला ठिपका जागेला चिकटलेला असतो. हा तिच्या मागे मागे फिरत होता.

मी मयूरला फोन लावला.

"झाकण राहिलं असेल लावायचं," तो म्हणाला.

"लावलं होतं रे."

"मग कसं... जुनं फर्मवेअर परत टाकू. त्याने जाईल."

संध्याकाळी येऊन त्याने ते टाकून पाहिलं. कॅमेऱ्याने घेतलं नाही. जुनं फर्मवेअर हा सेन्सर ओळखत नाही आणि नवं मागे फिरू देत नाही. मॅपिंग पुन्हा केलं तर भर पडते, आधीचं पुसलं जात नाही. एकदा ज्याला मेलेलं धरलं, त्याला तो पुन्हा जिवंत धरत नाही. मयूर माझ्याकडे न बघता हत्यारं पिशवीत भरत होता. जाताना म्हणाला, "दिशाला जपा."

कशापासून जपू? शेवटी बायोडाटाला मोबाइलवरचाच फोटो लावला. मोबाइलमध्ये ती दिसत होती आणि मी त्यावरच समाधान मानलं.

रविवारी सिन्नरहून पाहुणे आले. मुलाचे वडील कोंडाजी, मुलगा हर्षल आणि त्याची आई. दिशा पोह्यांचा ट्रे घेऊन आली, त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. कोणी मान वर केली नाही.

"आवो, पोरगी बोलवा की," कोंडाजी म्हणाले. "आम्हाला माघारी जायचंय, उशीर व्हतोय."

"ही काय... समोरच तर आहे," मी म्हणालो.

त्यांनी समोर पाहिलं. दिशा माझ्याकडे बघत होती, ट्रे तसाच पुढे धरून. मी डोळे पुसले, क्षणभरच. परत बघतो तर तोच ट्रे उज्वलाच्या हातात होता आणि ती हसून म्हणत होती, "घ्या ना, गरम आहेत. मीच केलेत."

कोंडाजींनी बशी उचलली. चमचा ढवळत जरा गोंधळल्यासारखे थांबले आणि मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "हां, तर काय सांगत व्हतो... शेखरभाऊ, आमच्या हर्षलचं लगीन जमलं की फोटो तुम्हीच काढायचे. तेवढंच सांगाया आलो."

शेजारचा रंग भरला होता. कुठे सांधाही दिसू न देता.

दिशा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"पप्पा... आई माझ्याकडे बघतच नाही."

"मी बघतोय ना, बाळा."

"तुम्ही बघत राहा... नुसतं बघत राहा."

मी बघत राहिलो. पाहुणे गेले, उज्वलाने दोन ताटं वाढली, मी जेवलो नाही. बाप म्हणून मला एवढंच करता येत होतं, डोळे उघडे ठेवणं. पण माणसाची पापणी लवतेच हो... ती कधी गेली ते मला सांगता येत नाही. ओटा तेवढा दिसत होता, लख्ख पुसलेला.

तिची खोली आता उज्वलाची शिवणाची खोली आहे. उज्वला म्हणते, ती पहिल्यापासून तशीच होती. जेवताना घासागणिक मलाही तसंच वाटायला लागतं. मग मी खाली येतो, स्टुलासमोर कॅमेरा धरतो आणि झाकण लावून फोटो काढतो. झाकण लावलं की ती दिसते. काळ्याभोर फोटोत तेवढी एकटी, स्टुलावर, मोरपंखी साडीत. म्हणून तर ती मला आठवते. फक्त रोज थोडी लांब बसलेली असते. स्टूल मी इथून हलवलेलं नाही, खिळे मारलेत, बघा हवं तर.

मयूर फोन उचलत नाही. उचलून तरी काय सांगणार बिचारा?

आज सकाळीही काढला. तिचा चेहरा आता बोटाच्या पेराएवढा झालाय, पण पहिल्यांदाच ती हसत होती. तिच्या शेजारी दुसरं स्टूल होतं, रिकामं, आणि ती आपल्या पदराने त्यावरची धूळ झटकत होती.

मी आनंदाने ओरडलो असेन, कारण वरून उज्वला जिन्यात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आरपार दुकानाच्या दाराकडे, आणि स्वतःशीच म्हणाली, "खाली कोण बोलतंय?"